काम माझं, हात मावशीचे

माझी थोरली बहीण जळालेल्या मोटारी बांधते. पंप, मिक्सर, पंखा, जे जळून येईल ते उघडायचं, आतली करपलेली तार ओरबाडून काढायची आणि नवी तार वेढे मोजत भरायची. भावोजी गेले तेव्हा दुकान विका म्हणून दीर, दलाल, सगळे मागे लागले होते. ताईने कोणाचंच ऐकलं नाही, त्यांच्याच स्टुलावर बसकण मारली. गिऱ्हाईक अजूनही दारातून विचारतं, "कारागीर कुठंय?" ताई मान वर न करता म्हणते, "जेवायला गेलाय. तोवर मीच बघते."

आणि माझी लेक! सोळा वर्षांची घोडी, पण वर्गात हजेरी दिली तरी बाईंना ऐकू जायची नाही. एकदा मला म्हणाली, "आई, मावशीला शाळेत नको आणूस. तिची नखं काळी असतात." माझा असा पारा चढला म्हणता! दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ताईला मात्र हे कळू दिलं नाही.

मग ती जाहिरात आली. हात धुवायच्या साबणाची, आणि चित्रण कुठं, तर ताईच्या दुकानात! पोर तेव्हा तिच्या आत्याकडे गेली होती. दुकान असं सजवलं की आमचं आम्हालाच ओळखू येईना. बारा माणसं, डोळे दिपवणारे दिवे आणि एक गोरीगोमटी मुलगी, तिला मोटार दुरुस्त करायची होती. पण तिच्या लांब नखांत तार काही धरवेना. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, चेहरा हिचा घेऊ, हात यांचे घेऊ. ताईचे हात तासभर घासले, तेव्हा कुठे ते दाखवण्याजोगे झाले. जाहिरातीच्या खाली मोठ्या अक्षरांत ओळ होती, 'काम माझं, हात माझे.' ताईने मला बजावलं, "कुणाला सांगत सुटू नकोस हं. उगाच हसं व्हायचं." मी गप्प बसले. माझ्यासारखीने गप्प बसायचं म्हणजे काय शिक्षा असते, ते माझं मला माहीत.

जाहिरात टीव्हीवर दिसायला लागली, तिचा फलक आमच्याच चौकात लागला आणि पोर बदलली. त्या मुलीसारखे केस वर बांधायला लागली, खणखणीत बोलायला लागली. तंत्रशाळेचा अर्ज आणला, मोटार बांधणीचाच! अर्ज केलेल्यांत ही एकटी मुलगी. रोज संध्याकाळी मावशीच्या दुकानात जाऊन बसायची आणि तिलाच ऐकवायची, "मावशी, ती बघ कशी बिनधास्त आहे!" ताई आपली हूं हूं करायची.

मला काही कळेनासं झालं. जन्मापासून जिच्या डोळ्यांसमोर मावशी हेच काम करतेय, तिला त्याची लाज वाटत होती. आणि अर्ध्या मिनिटाची एक परकी पोरगी आली काय, हिला कंठ फुटला! आनंद मानू की त्या फलकावर शेण फेकून मारू? खरं सांगून टाकावं तर तिची सगळी हिंमत त्या फलकावर उभी. न सांगावं तर माझ्या बहिणीचा अपमान रोज माझ्याच पोरीच्या तोंडून ऐकायचा.

तंत्रशाळेत निवडीला बोलावलं होतं त्याच्या आदल्या दुपारी धडाम आवाज झाला. मी धावत गेले. दुकानात अंधार, फ्यूज उडालेला, पोरीचा अंगठा भाजलेला. मोटारीत वीज येतेय का बघायला तिने दोन उघड्या तारा एकमेकींना टेकवल्या होत्या. जाहिरातीत अगदी तसंच होतं: तारा टेकतात, ठिणगी उडते, मोटार भर्रकन फिरते आणि ती मुलगी हसते.

"मी नाही जाणार उद्या," पोर म्हणाली. तिचा आवाज पुन्हा तसाच बारीक झाला होता. "मला नाही जमत. तिला कसं जमतं?"

ताईने तिच्या अंगठ्यावर गार पाणी ओतलं. मग म्हणाली, "ते हात माझे आहेत."

पोरीने मावशीचे हात धरून उलटसुलट करून बघितले.

"ती ठिणगी मी उडवली. बॅटरीवर. ती चित्रात दिसत नाही. खऱ्या विजेवर असं कुणी करतं का गं? मी त्यांना म्हणाले होते, असं तपासत नाहीत, तारांना दिवा जोडून तपासतात. ते म्हणाले, दिव्यात मजा नाही."

"मग त्यांना 'नाही' का नाही म्हणालीस?"

ताई खाली बघायला लागली. दिराला, दलालाला, अख्ख्या बाजाराला पुरून उरलेली माझी बहीण! "बारा माणसं होती. सगळी शिकलेली. माझी जीभच उचलेना. घाबरले मी."

मला वाटलं, संपलं सगळं. फलक गेला, मावशी गेली, आता पोर काय उभी राहते! मनातल्या मनात मी ताईला शिव्याही घातल्या, की बाई, आजच खरं बोलायचं सुचलं का तुला?

पण पोर रडली नाही. मावशीसमोर येऊन बसली. मग म्हणाली, "तू पण घाबरतेस?"

"मग काय! पहिली मोटार बांधली तेव्हा बटण दाबायला शेजाऱ्याला हाक मारली होती."

पोर फस्सकन हसली. मावशीच्या कपाटातून तपासणीचा दिवा काढला आणि म्हणाली, "दाखव कसा लावायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठ्याला पट्टी बांधून निघाली.  त्या जाहिरातीने तिला उंबऱ्यापर्यंत आणलं होतं, हे मी नाही कसं म्हणू? आणि त्या जाहिरातीनेच पोरीचा अंगठा भाजला, हेही नाही कसं म्हणू? माझं डोकं काही चालेना. निघता निघता पोर दुकानाशी थांबली.

"मावशी, त्यांनी परत बोलावलं आणि परत खोटं करायला सांगितलं, तर नाही म्हणशील?"

ताईने हातातली तार खाली ठेवली. "म्हणेन... बहुतेक."

"मीपण जमवेन," पोर म्हणाली. "बहुतेक."