पलटणीचा नवा आकडा

पहाटे पाच चाळीसला लुदिविया सैनिकांच्या शर्टांवरचे बिल्ले ब्लेडने उसवत होती. कोलंबियातल्या त्या डोंगरी गावात छावणीची शिवणकामं तीच करी. दोनशे शर्टांवर पलटणीचा जुना आकडा काढून नवा लावायचा होता. सहा वाजता सार्जंट घाई करायला आला.

"पलटण बदलली का?" तिने विचारलं.

"माणसं तीच, ताई. निरपराधांना मारणाऱ्या पलटणीला बंदुका द्यायच्या नाहीत, अशी अमेरिकेची अट आहे. म्हणून ती पलटण मोडली. कागदावर."

"मग नावंही उसवू का?"

"नावांना कोण विचारतंय?" तो हसत निघून गेला.

दोन वर्षांपूर्वी याच पलटणीने तिच्या भावाला, एवेलियोला, कॉफीच्या मळ्यातून नेऊन मारलं आणि बंडखोर म्हणून दाखवलं. तिच्या तक्रारीत जुनाच आकडा होता. आता त्या आकड्याची पलटणच उरली नव्हती.

एवेलियोला नेणाऱ्या लेफ्टनंटचा शर्ट ढिगात होता. तिने शर्टांवरची दोनशे नावं कागदावर सुवाच्य उतरवली आणि प्रत्येकापुढे दोन्ही आकडे लिहिले. पाकिटावर अमेरिकी वकिलातीचा पत्ता घातला.

राजधानीची टपालगाडी उद्या सकाळी आठला सुटते.