हिरव्या गाडीचा अर्धा फेरा

मला हेवा पटकन वाटतो. त्यात लपवायचं काय? कुणाची पोळी टम्म फुगली तरी हिच्या पोटात दुखतं, असं माझा नवरा म्हणतो, आणि ते फारसं खोटं नाही. पण त्या हिरव्या गाडीपायी मी जितकी जळले, तितकी कुणाचं घर, दागिने किंवा प्रमोशन बघून कधी जळले नाही.

सुरुवात टायरांपासून झाली. इथे जर्मनीत प्रत्येक गाडीला टायरांचे दोन संच लागतात, उन्हाळ्याचा वेगळा आणि हिवाळ्याचा वेगळा. आमच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या आमच्या वाट्याच्या खोलीत, सुटकेसा आणि तांदळाची पोती सोडून कशालाच जागा नव्हती. ऑफिसातल्या एकीनं सांगितलं, की न्युरेम्बर्गच्या बाहेर एका गावात एक म्हातारा मेकॅनिक आपल्या कोठारात लोकांचे टायर ठेवून घेतो. मी टायर घेऊन गेले. त्यानं लाकडी दार सरकवलं, तर आत, पूर्वी जिथे गवताचे भारे रचत असतील तिथे, सुती चादरींखाली तीन गाड्या उभ्या होत्या. लांबलचक नाक, आखूड शेपूट, मागे रुंद टायर. चादरी न काढताच मला कळलं. सत्तर सालच्या आसपासच्या, दांडग्या इंजिनाच्या अमेरिकन मसल कार्स.

कराडला कॉलेजात असताना होस्टेलच्या भिंतीवर मी अशाच एका गाडीचं पोस्टर लावलं होतं. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. वर्कशॉपमध्ये गाडी उघडली की मुलगे तिच्याखाली शिरायचे आणि सर आम्हाला म्हणायचे, "तुमचं अक्षर छान आहे, तुम्ही जर्नल पूर्ण करा." आता मी इथे विजेच्या मोटारींचं डिझाइन करते. चांगल्या असतात त्या. आवाज करत नाहीत, तेल गाळत नाहीत, आणि कुणाचा त्यांच्यावर जीवही जडत नाही.

म्हाताऱ्याचं गॅरेज पूर्वी अमेरिकन सैनिकांच्या छावणीजवळ होतं. सैनिक हौसेनं गाड्या आणायचे आणि मायदेशी परतताना मिळेल त्या भावात टाकून जायचे. तशा तीन त्यानं घेतल्या, एक लाल, एक निळी आणि एक बाटलीसारखी गडद हिरवी. बायको गेल्यावर त्यानं त्या चालवणं सोडलं आणि इथे आणून ठेवल्या. तेव्हापासून त्या उभ्याच. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते. इथे चण्यांचं अख्खं कोठार भरलेलं होतं आणि मालक त्यावर चादरी पांघरून बसला होता. माझा नुसता जळफळाट झाला.

उभ्या गाडीचेही कष्ट असतात. महिनोन्महिने एकाच जागी राहिली तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. म्हणून महिन्यातून एका शनिवारी गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतकी पुढे ढकलायची, पुढच्या महिन्यात तितकीच मागे. कोठाराची जमीन दाराकडे उतरती, त्यामुळे ब्रेकवर पाय ठेवून कुणीतरी आत बसावं लागे. म्हाताऱ्याची पाठ गेलेली, म्हणून तो आत बसायचा आणि शेजारचा शेतकरी ढकलायचा. तो शेतकरी गाव सोडून गेल्याचं कळलं आणि मी लगेच म्हटलं, मी येत जाईन.

"इंजिन चालू करूनच पुढे का नाही घेत?" मी पहिल्याच शनिवारी विचारलं.

"पाच मिनिटं इंजिन चालवायचं म्हणजे आत दमट हवेचं पाणी साठवायचं," तो म्हणाला. "चालवायची तर तासभर, नाही तर हात लावायचा नाही."

बरोबरच होतं. मी मान डोलावली. बॉनेटला कुणी हात लावायचा नाही, हा त्याचा दुसरा नियम. दुसऱ्याच्या घरात न विचारता फ्रीज उघडू नये इतकं आईनं मला शिकवलं होतं, त्यामुळे तोही मी पाळला. हिरवीच्या पोटाखाली तेलाचा एक थेंब नसायचा. माझी आठ वर्षं जुनी गाडी पार्किंगमध्ये डाग पाडते आणि ही पन्नाशी उलटलेली बाई अशी स्वच्छ, याचासुद्धा मला राग यायचा.

मधल्या काळात म्हाताऱ्यानं निळी विकली, मग लाल. लाल न्यायला माणूस आला तेव्हा नवी बॅटरी बसवून तिचं इंजिन चालू केलं. पायाखालची फरशी थरथरली. मी दाराशी उभी होते, माझ्या बरगड्यांत तो आवाज शिरला आणि डोळ्यांत चक्क पाणी आलं.

"अहो, ही तर धाकटी," म्हातारा माझ्या कानाशी ओरडला. "हिरवीचं इंजिन हिच्याहून मोठं. वसंतात तिची तपासणी करून घेतो, मग बाहेर काढू. तुम्ही चालवा."

तुम्ही चालवा! त्या दोन शब्दांवर मी किती वसंत काढले. एका वर्षी त्याची पाठ, एका वर्षी कागदपत्रं, एका वर्षी मिळत नसलेला कसला तरी सुटा भाग. मी न कुरकुरता ढकलत राहिले. तिच्यात मात्र एकदाही बसले नाही.

मग एका शनिवारी आम्हाला परस्पर गणपतीला जायचं होतं, म्हणून नवरा मला न्यायला कोठारावर आला. माझ्या नवऱ्याला गाडी म्हणजे चार चाकं आणि ब्लूटूथ. बॅडमिंटन खेळताना त्याचा गुडघा फिरला होता, तो लंगडतच आत आला. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, स्वतःच्या कमरेवर हात ठेवला आणि म्हणाला, "तुम्हाला ढकलता यायचं नाही, मला हल्ली आत वाकून शिरता येत नाही. तुम्हीच बसा ना आत."

आणि तो बसला! झब्बा सावरत, मोबाइल मांडीवर ठेवून. मी मागून ढकलत होते आणि मागच्या काचेतून मला त्याचा डोक्यावरचा टक्कल पडत चाललेला गोल दिसत होता. "मस्त कुशन आहे गं सीटला," तो उतरल्यावर म्हणाला.

तेव्हापासून तो दर वेळी येऊ लागला आणि आत बसण्याचं काम त्याचंच झालं. दुसऱ्याच भेटीत म्हाताऱ्यानं बिअरच्या बाटलीवर बाटली आपटून त्याला "मला तू म्हण" असं सांगितलं. इथे मोठ्या माणसानं आपणहून तसं सांगावं लागतं, आणि मला इतक्या वर्षांत त्यानं ते सांगितलं नव्हतं. दोघं अंगणात बाकावर बसून हळू आवाजात काहीबाही बोलायचे, मी जवळ गेले की हवेचा विषय निघायचा. गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनात म्हणायचे, आणि गाढव माझंच असल्यानं मोठ्यानं म्हणता यायचं नाही.

शेवटी एका संध्याकाळी जेवताना माझा तोल सुटला.

"वसंतात गाडी निघाली तर तूच चालवशील बहुतेक," मी आमटी वाढत म्हटलं. "मला मागे बसवा, म्हणजे झालं."

"अगं, काय बोलतेस?"

"कानामागून आली अन् तिखट झाली, तसं झालंय तुझं. तिचं इंजिन किती मोठं आहे ते तरी माहीत आहे का तुला? 'ती ग्रीन गाडी' म्हणतोस तू तिला!"

तो आमटीत भात कालवत राहिला. मग ताटाकडे बघत म्हणाला, "ती चालणार नाहीये गं. इंजिनच नाहीये तिच्यात."

"मग पुढचं वजन?" इंजिनिअरला असले प्रश्न आधी पडतात.

"वाळू. गोण्या भरून ठेवल्यात. नाक वर उचललं जाऊ नये म्हणून."

मी पळी तशीच धरून उभी राहिले. इतकी वर्षं मी वाळू ढकलत होते.

मग त्यानं सगळं सांगितलं. एका शरदात म्हाताऱ्यानं हिरवीचा रेडिएटर धुऊन तात्पुरतं साधं पाणी भरलं होतं. ते काढून थंडीत न गोठणारं पाणी भरायचं, तर त्याच आठवड्यात बायकोला दवाखान्यात न्यावं लागलं. ती परत आली नाही. दरम्यान कडाक्याची थंडी पडली, पाणी गोठलं आणि इंजिन तडकलं. गॅरेजातल्या नव्या पोराला पहिल्या आठवड्यात जे शिकवतात तेच तो विसरला होता. त्यानं एकट्यानं इंजिन बाहेर काढलं, दूरच्या भंगारवाल्याकडे टाकलं आणि बॉनेट बंद केलं.

"आणि हे त्यानं तुला सांगितलं," मी म्हटलं. इंजिन गेल्याचं दुःख मला नंतर झालं. आधी हे झालं.

"त्याला कुणाला तरी सांगायचं होतं. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून मला सांगितलं. मी नुसतं 'अच्छा' म्हटलं. तुला नको सांगू म्हणाला. तुझी बायको माझ्याकडे मेकॅनिक म्हणून बघते, आता तसं बघणारं दुसरं कुणी उरलं नाही, असं म्हणाला."

तरी माझा राग गेला नाही. उलट वाढला. "तुम्ही चालवा" म्हणताना त्याला ठाऊक होतं, चालवायला काहीच नाही. पुढच्या शनिवारी मी ठरवूनच गेले, की म्हाताऱ्याला बॉनेट उघडायला लावायचं. जर्मनमध्ये ते वाक्य गाडीत दोनदा घोकलंसुद्धा. नवऱ्याचा गुडघा एव्हाना बरा झाला होता. "आज तू ढकल," मी त्याला म्हटलं आणि कुणाला न विचारता दार उघडून आत बसले.

आतून ती वेगळीच होती. चाक बारीक आणि थंडगार, काचेपुढे बॉनेट लांबच्या लांब पसरलेलं. म्हातारा खिडकीशी आला.

"मग, कसं वाटतंय?" त्यानं विचारलं, पण त्याचे डोळे माझ्याकडे नव्हते, बॉनेटवर होते. तिथे ते इतके घाबरून चिकटले होते, की घोकलेलं वाक्य मी सोडून दिलं.

"हिचा आवाज कसा यायचा?" मी विचारलं.

त्यानं मागे नवऱ्याकडे बघितलं. नवरा बुटाची नाडी बांधायला वाकला.

"सांगितलं वाटतं त्यानं."

"हो," मी म्हटलं.

"तरी ढकलायला आलात?"

"टायर तर चपटे होतीलच ना."

तो गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, कण्हत, छताला धरून, कसाबसा शेजारच्या सीटवर बसला आणि त्यानं दार लावून घेतलं.

"उभी असताना ती एकसारखी वाजत नसे," तो म्हणाला. "तीन ठोके नीट, मग एक चुकल्यासारखा." आणि तो बोटांनी समोर ताल धरून, घशातून खोल गुरगुरत तो आवाज काढू लागला. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, डोळे मिटून. मध्येच थांबून म्हणाला, "मी गल्लीत वळलो की बायकोला स्वयंपाकघरात कळायचं. फळीवरच्या कपबशा वाजायच्या. मी दारात पोचेपर्यंत कॉफी ओतलेली असायची."

"ढकलू का?" मागून नवरा ओरडला.

"थांब!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

मी ऐकत राहिले. खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटत होता, आणि पहिल्या दिवशी वाटला त्याहून जास्त. त्याचं इंजिन गेलं होतं, बायको गेली होती, पाठ गेली होती. पण तो या गाडीतून कपबशा वाजवत घरी आला होता, रोज. मला ते आता कुठूनच मिळणार नव्हतं, कितीही वर्षं ढकलली तरी. हे त्याला सांगावंसं वाटलं, पण तो पुन्हा गुरगुरू लागला होता. त्याचं होईपर्यंत मी थांबले. मग ब्रेकवरचा पाय उचलला आणि नवऱ्याला म्हटलं, "हं, ढकल."