कितवा नव्हे, कोणानंतर

आमच्या ऑफिसातले दादा कुणाच्या शब्दावर विश्वास म्हणून ठेवत नसत. "क्वेरी फास्ट झाली", म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लवकर यायला लागलं, असं म्हटलं की लगेच, "प्लॅन दाखव." माहिती कुठल्या वाटेने शोधणार, हे डेटाबेस त्या प्लॅनमध्ये सांगतो. तो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हा माणूस समोरचा चहासुद्धा उचलत नसे. मूळचे सावनेरचे, मीटिंग इंग्रजीत चालली तरी हे वऱ्हाडीतच वाद घालत.

मी नवीन होते, अंगात मस्ती होती. मोठ्या यादीची मागची पानं उघडता उघडत नव्हती, म्हणून मी ओळींचे क्रमांक एका कॉलममध्ये साठवले आणि त्यावर ऐटीत इंडेक्स, म्हणजे ओळ चटकन सापडावी म्हणून लागणारी सूची, बांधला. दादांनी प्लॅन काढला. डेटाबेस माझ्या इंडेक्सकडे ढुंकूनही न बघता अख्खं टेबल वाचत होता. माझी क्वेरी क्रमांक अजून जागेवरच मोजत होती. साठवलेला आणि मोजलेला एकच, हे त्याला कोण सांगणार?

"काहून वापरंल तो?" दादा म्हणाले. "नंबर ओळीचा नसते वं, रांगेचा असते. मधातली एक गेली का मागचे सारे खोटे. कितवा ते इचारू नको, कोणानंतर ते इचार." शेवटी पाहिलेल्या ओळीनंतरच्या ओळी मागितल्या आणि पान झटकन उघडलं. मग दादांनी चहा घेतला.

पुढे त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, साखरेचा आजार, त्यामुळे त्यांची किडनी चालेना. बाकी कुणाची जुळेना. नाव किडनीच्या प्रतीक्षा यादीत लागलं. डायलिसिसहून दादा सुजलेल्या हातांनी पुन्हा कामाला बसत, चहाचे दोनच घोट घेत. आणि वहिनींचा त्यांना रोज एकच फोन, "नंबर कितवा झाला?"

हळूहळू दादाही तेच विचारू लागले. जिन्यात उभं राहून फोनवर दवाखान्यातल्या मॅडमला विनवायचे, "पाहा ना जरा, कितवा हाय?" कुणी जास्त अत्यवस्थ आलं की नंबर मागे जायचा, आणि दादा तिथेच पायरीवर बसायचे. मला ते बघवत नसे. एकदा मीच चिडून म्हणाले, "दादा, नंबर धरून बसू नये, हे तुम्हीच शिकवलं ना?"

"मले समजते वं सारं," ते म्हणाले. "टेस्ट केल्या, पथ्य पाळून राहिलो. आपण इंडेक्सच बनवू शकतो. वापराचा का नाही, थे आपल्या हाती नसते. पण तुह्या वहिनीले काय सांगू?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

किडनी मिळाल्याचा फोन आला नाही. उन्हाळ्यात दादा गेले. मी त्यांच्या प्रताप नगरच्या घरी वहिनींना भेटायला गेले तेव्हा त्यांचा मोबाइल उशीजवळ चार्जिंगला लावलेला होता. वहिनी तो बंद करू देत नव्हत्या.

यादीत दादांच्या मागे असलेला प्रत्येक जण त्या दिवशी एकेक नंबर पुढे सरकला असणार. कुठल्यातरी घरी एखादीने नवऱ्याला ते आनंदाने सांगितलंही असेल. कोणानंतर, ते तिने विचारलं नसेल.