भूतबंगल्यातली सतरंजी

वडील गांधीबागेतल्या एका बिछायत केंद्रात कामाला होते. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचं तर लग्नाकार्याला मांडव, कापडी भिंतींच्या कनाती, सतरंज्या, गाद्या, लोड भाड्यानं देणारं हे दुकान. साध्या पटांगणाचा दिवाणखाना करण्यात वडिलांचा हात धरणारा नव्हता.

एका दिवाळीत त्यांना पत्त्यांच्या एका क्लबाची बैठक मांडायचं काम मिळालं. दिवाळीत पत्ते कुटण्याला आमच्याकडे कुणी वाईट म्हणत नसे, त्यामुळे घरात काही वाटलं नाही. दिवाळी संपल्यावर क्लबाच्या शेठनं त्यांना तिथंच ठेवून घेतलं. वर्षभरात ते मांडता मांडता खेळायला बसू लागले. घरी येणं आधी लांबलं, मग सकाळवर गेलं, मग एक दिवसाआड झालं.

आई भांडली नाही. तिनं त्यांच्याशी बोलणं थांबवलं. सांगायचं ते ती माझ्याकरवी सांगे.

"सांग वं तुया बाबाले, ताट वाढलं आहे."

वडील दोन हातांच्या अंतरावर बसलेले असत. तेही माझ्याकडे पाहून म्हणत, "तुया मायले सांग, आलो."

मी तेव्हा एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायच्या कामाला लागले होते. घरचे निरोप पोहोचवणं ही माझी दुसरी नोकरी होती.

आईला टायफॉइड झाला, तो वडिलांना तिसऱ्या दिवशी कळला. त्यानंतर त्यांनी क्लब सोडला आणि पुन्हा बिछायतीच्या दुकानात जाऊ लागले. ते घरी वेळेवर येऊ लागले. आईचं बोलणं मात्र परत आलं नाही.

सत्तरच्या दशकातला एक हिवाळा. मैदानावर प्रदर्शन भरणार होतं. आकाशपाळणा, मौत का कुआँ आणि त्यांच्या शेजारी भूतबंगला. ठेकेदाराला मांडव हवा होता. वडिलांनी आतली सगळी रचनाच अंगावर घेतली. काम जमलं तर पुढच्या गावांच्या प्रदर्शनांतही तेच मिळणार होतं. फसलं तर शेठचा माणूस महिन्यातून एकदा स्कूटरवर येऊन, क्लबात परत येता का, असं विचारून जातच होता. घरात हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण तिघांनाही ठाऊक होतं.

वडिलांनी जमिनीवर आगकाड्या मांडून मला नकाशा समजावला.

"क्लबात शिकलो तेच करून राहिलो," ते म्हणाले. "घड्याळ लावायचं नाही. आतून दार दिसलं नाही पायजे, म्हणून कनात तिरपी. छत खाली. उजेड फक्त जिथं पाहायला लावायचं तिथं. तिथं पत्त्यावर, इथं हाडाच्या सापळ्यावर. माणूस सरळ रस्त्यानं चालला तं विचार करते. वळणावळणानं चालला तं नुसता चालते."

"आणि भूत?"

"भुताचं काय भेव! पुढच्या वळणावर काय आहे, त्याचं भेव."

आई चुलीपाशी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही, पण तिचं लाटणं थांबलं होतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी, परदेशातल्या कॅसिनोंची मांडणी कशी असते यावरचा एक मजकूर माझ्या टेबलावर आला. खिडकी नाही, घड्याळ नाही, बाहेर पडायची वाट वळसे घेत जाणारी आणि पायाखाली मऊ गालिचा. कॅसिनो हा शब्द वडिलांनी बहुधा ऐकलेलाही नव्हता. त्यांचा गालिचा म्हणजे सतरंजी. क्लबात सतरंजीमुळे पावलं वाजत नाहीत, कोण उठून गेलं ते खेळणाऱ्यांना कळत नाही. भूतबंगल्यातही त्यांनी दारापासून शेवटापर्यंत दुकानातल्या उत्तम सतरंज्या अंथरल्या.

तिथंच काम बिघडलं.

सतरंजी दिसली की आपला माणूस चप्पल काढतो. पहिल्या संध्याकाळी भूतबंगल्याच्या दारात चपलांचा ढीग लागला. लोक आत गेले, दोन वळणं घाबरले आणि मग त्यांना चपला आठवल्या. बाहेर पडायचं दार मागच्या बाजूला होतं, चपला पुढच्या. सगळे आलेल्या वाटेनंच उलटे फिरले. आत येणारे आणि बाहेर जाणारे अंधारात एकमेकांवर आदळले आणि भुतांना घाबरायचं सोडून एकमेकांची माफी मागू लागले. पहिल्याच दालनात खेड्यावरून आलेलं एक कुटुंब सतरंजीवर मांडी घालून बसलं होतं. त्यातल्या म्हाताऱ्यानं वडिलांना विचारलं, "केव्हा सुरू होते गा तुमचं?"

ठेकेदार कमरेवर हात ठेवून उभा होता. "बाबूजी, ये भूतबंगला बनाया कि सत्यनारायण का मंडप? इतवार तक देखूँगा, नहीं तो यहाँ आईनाघर लगा दूँगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील घरीच पडून होते. शेठच्या माणसाची स्कूटर नेमकी त्याच दिवशी कोपऱ्यावर आली. वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचली होती.

"शेठ म्हणते, क्लबाचा दिवाणखाना तुमची वाट पाहून राहिला," तो दारातून म्हणाला.

"सांगतो," वडील म्हणाले. थोड्या वेळानं ते मैदानावर निघून गेले.

आईनं पदर खोचला. "चाल वं, मले पाहू दे काय बांधलं ते."

वडिलांचं काम तिनं कधी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या मांडवात ती पाहुणी असे. क्लबात बाया जात नसत.

दुपारी मैदान रिकामं होतं. आईनंही दारात चप्पल काढली. आत शिरल्यावर तिनं माझा हात धरला. पहिलं वळण, दुसरं वळण. बाहेर लख्ख ऊन होतं, पण गांधीबागेतून आणलेल्या काळ्या कापडातून त्याचा एक कवडसाही येत नव्हता. आमची पावलं आम्हालाच ऐकू येत नव्हती. तिसऱ्या वळणावर ती थांबली.

"दार कोणीकडे राहिलं?"

मला सांगता येईना. आई हातानं चाचपत सतरंजीवर बसली.

"ते असंच होतं काय वं? क्लब?"

मी उत्तर द्यायच्या आत कनातीच्या पलीकडून वडिलांचा आवाज आला. सापळ्याची दोरी बांधायला ते तिथं बसले होते.

"असंच होतं."

मी दोघांच्या मधे होते आणि नेहमीप्रमाणे निरोपाची वाट पाहत होते. आई कनातीकडे तोंड करून बोलली.

"म्हणून येत नव्हते काय तुमी घरी? दारच दिसे नाही?"

तिनं त्यांच्यासाठी एक वाट काढून दिली होती. हो म्हटलं असतं तर ती पुन्हा कधी विचारणार नव्हती. पलीकडे दोरी खाली पडल्याचा आवाज आला.

"बाकीच्यांले दिसे नाही," वडील म्हणाले. "मले दिसे. कनात मीच लावली होती."

मग मी तिच्या नाकातून आलेला एक छोटा आवाज ऐकला, हसण्याचा की रडण्याचा ते अंधारात कळलं नाही.

"सतरंज्या काढा पहिले," ती म्हणाली. "सतरंजीवर कोणाले भेव वाटते? बसावंसं वाटते. तणस टाका खाली. पाय ठेवला का आवाज होते, आणि आवाज आपला का दुसऱ्याचा ते समजत नाही."

वडील कनात उचलून आत आले. मागून आलेल्या उजेडात मला ते दोघं दिसले. लांब सतरंजीची घडी एकट्यानं होत नाही. त्यांनी एका टोकाचे दोन कोपरे धरले, आईनं दुसऱ्या. ताणली, झटकली, मग कोपरे जुळवायला दोघं एकमेकांकडे चालत आले. धूळ उडाली. आई खोकली तेव्हा वडिलांनी तिच्या हातातले कोपरे आपल्या हातात घेतले. पुढच्या सतरंजीला ती पुन्हा मागं गेली.

संध्याकाळपर्यंत बैलगाडीभर तणस, म्हणजे भाताचा सुका पेंढा, आलं. चपला लोकांच्या पायातच राहिल्या. आतून किंकाळ्या येऊ लागल्या, त्या ऐकून बाहेरची रांग वाढत गेली. रविवारी ठेकेदार आला. त्यानं फक्त पुढच्या गावाचं नाव सांगितलं. शेठचा माणूस पुन्हा आला तेव्हा वडील दारातूनच म्हणाले, "टाइम नाही गा. तणस बदलायचं आहे."

पण ते नंतरचं. सतरंज्या काढल्या त्या रात्री मैदानावरून तिघं घरी आल्यावर मी पाय धुऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहिले, रोजच्यासारखी. आईनं ताट वाढलं आणि माझ्याकडे न पाहता बाहेरच्या खोलीकडे मान वळवली.

"या," ती म्हणाली. "भाकर थंडी होऊन राहिली."