वन्समोर आप्पा

आप्पांचं खरं नाव गोलाईच्या बाजारातल्या त्यांच्या कापडदुकानाच्या पाटीवर होतं, आणि ते तिथंच राहिलं. लातूरला ते वन्समोर आप्पा म्हणूनच ठाऊक. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि आवाज असा की तंबूच्या मागच्या बाकावरून ओरडले तरी पडदा हलावा. संगीत नाटकाची कंपनी आली की दुकानाला दुपारीच कुलूप. गिऱ्हाइकाला सांगायचे, "धोतर उद्या बी मिळंल. गानं न्हाई मिळायचं."

घरातही तेच. आमटी जमली की ताटावरूनच "वन्समोर!" त्यांच्या घरच्या काकू फणकारायच्या, "तुमचं काय जातंय म्हनायला? चुलीपुढं मला बसावं लागतंय." फक्त शेवटच्या भैरवीला आप्पा गप्प बसत. म्हणायचे, "भैरवीला वन्समोर नसतो. गवयाला घरी जाऊ द्यावं."

बहात्तरच्या दुष्काळात एक कंपनी लातुरात अडकली होती. तंबूत बघायला जेमतेम पंचवीस माणसं. आम्ही आप्पांचे शेजारी, म्हणून सात वर्षांची मीही त्यांच्यासोबत होते. गायकानं पद संपवलं, आप्पांनी वन्समोर दिला. तो बिचारा पुढं आला, हात जोडले आणि त्यानं घशाकडे बोट दाखवलं. आप्पा तडक घरी गेले. घरात दीड घागर पाणी होतं, त्यातून तांब्या भरून आणला आणि स्टेजवर ठेवला. "वन्समोर मागायचा तर गवयाचा घसा बी आपनच ओला करावा," म्हणाले. गायक तेच पद तीनदा गायला. मला गाण्याचं वेड लागलं ते त्या दिवशी. आप्पा पुढं प्रत्येक नाटकाला तांब्या घेऊनच जायला लागले.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी समारंभात मला एक नाट्यपद म्हणायचं होतं. वडिलांनी आधीच बजावलं होतं, "इथं गायलीस तर पुढं शिक. न्हाई तर गाणं बंद." वरच्या षड्जावर आवाज फाटला, पेटी पुढं गेली आणि मी उभीच. लोक हसायला लागले. तेवढ्यात मागून आरोळी आली, "वन्समोर!"

हशा दुप्पट झाला. फसलेल्या गाण्याला कुणी वन्समोर देतं का? पण आप्पा तांब्या घेऊन गर्दीतून स्टेजपाशी आले. "घोटभर घे, पोरी. घसा सुकलाय, गानं न्हाई." मी पाणी प्याले आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी षड्ज लागला. दुसऱ्या दिवशी वडील स्वतः मला गुरुजींकडे घेऊन गेले.

आज मी नांदेडला गाणं शिकवते. आप्पांनी अंथरूण धरलं तेव्हा भेटायला गेले होते. आवाज पार बसला होता. म्हणाले, "भैरवी म्हन." मी म्हटली. संपल्यावर सवयीनं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. उशाशी तोच तांब्या होता. त्यांनी तो हळूच माझ्याकडे सरकवला.

"आप्पा, वन्समोर?" मीच विचारलं.

"भैरवीला नसतो, पोरी."

आयुष्यात एवढं एकच मी त्यांचं ऐकलं नाही. त्यांना घरी जाऊ द्यायचं नव्हतं मला. घोटभर पाणी प्याले, डोळे पुसले आणि भैरवी पुन्हा पहिल्यापासून धरली.