सुर्वेसर आणि सोळा इंच जागा

दिनकर सुर्वे यांना मी प्रथम पाहिले ते सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या एका सभागृहात, गुडघे टेकून फरशीवर टेप चिकटवताना. मालवाहू जहाजांवरचे निवृत्त चीफ ऑफिसर वादळांच्या गोष्टी सांगतील, या समजुतीने आम्ही गेलो होतो. सरांनी भिंतीवर एका जहाजाचा आराखडा लावला. आफ्रिकेतून माणसे पकडून अमेरिकेला नेणारे जहाज. दर पुरुषाला झोपायला जागा सहा फूट लांब, सोळा इंच रुंद. तेवढीच जागा फरशीवर आखलेली होती. कोणीतरी तिथे आडवे व्हावे, असे ते म्हणाले. मी झालो आणि म्हणालो, "सर, आमच्या भाड्याच्या खोलीपेक्षा ऐसपैस आहे." सगळे हसले. सरही हसले. मग त्यांनी मला व्याख्यान संपेपर्यंत तिथेच राहण्याची विनंती केली. व्याख्यान संपल्यावरच मी उठलो.

जहाजावर कुठला माल कुठे रचायचा, हे ठरवण्यात सरांची नोकरीची सगळी वर्षे गेली. "हा आराखडा अडाण्यानं काढलेला नाही," ते सांगत. "माझ्यासारख्या कामसू माणसानं काढलाय. म्हणून मला तो वाचावा लागतो." निवृत्तीनंतर त्यांनी हाच अभ्यास धरला आणि मराठी मुलांसाठी रविवारचा वर्ग सुरू केला. जहाजावर अन्न नाकारणारे, बंड करणारे, मळ्यातून पळालेले, बंदी असताना चोरून अक्षरे शिकणारे गुलाम. प्रत्येक तासाला यांतल्या कोणाची तरी गोष्ट आलीच पाहिजे, हा त्यांचा नियम. नुसते हाल शिकवले तर आपणही त्यांना माल समजलो, असे त्यांचे म्हणणे.

मला डेंग्यू झाला तेव्हा सर पासिर रिसच्या आपल्या घरून लांब वुडलँड्सला माझ्याकडे आठवडाभर पेज घेऊन येत. प्रकृतीची चौकशी फारशी करत नसत. खुर्ची ओढून आपली टिपणे वाचून दाखवत आणि मराठी कुठे अडखळते ते विचारत. मी साहित्य शिकलेला, एवढे त्यांना पुरे होते.

मागच्या वर्षी वर्गातल्या दहा वर्षांच्या मुलीने घरातली स्टोअररूम मोजली. त्यांच्याकडे कामाला असलेली बाई तिथे झोपते. मापे तिने वहीत लिहिली. वर्गाला खोली देणाऱ्या मराठी मंडळाच्या बैठकीत तिच्या वडिलांनी ती वही टेबलावर आपटली. मुलगी जेवताना त्या खोलीवरून, इथल्या बोली इंग्रजीत, "नो विंडो लाह, पप्पा" म्हणते, पाहुण्यांसमोर म्हणते, अशी त्यांची तक्रार होती. अध्यक्षांनी सौम्य शब्दांत सुचवले की सरांनी लेखी माफी मागावी आणि पुढे समुद्राच्या गमतीजमती शिकवाव्यात. नाहीतर वर्गाला खोली मिळणार नाही.

सर उठले. "ती बाई गुलाम आहे असं मी म्हणालो नाही, म्हणणारही नाही. तिला पगार आहे, ती घरी परत जाऊ शकते. गुलामाचं मूलसुद्धा त्याचं नव्हतं. हा फरक मी वर्गातच शिकवतो. पण मुलीनं खोली बरोबर मोजली आहे. त्याबद्दल मी माफी मागणार नाही."

खोली गेली. वर्ग आता सरांच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलांभोवती भरतो. अकरा मुले होती, पाच उरली. ती मुलगी येत नाही. तिला पाठवत नाहीत.

ज्यासाठी मी हा लेख लिहिला, तो सरांच्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ त्याच मंडळाचा आहे. त्यात सरांना 'अनुभवी दर्यावर्दी' म्हटले आहे, ते खरेच आहे. संपादकांनी मला मागच्या वर्षीचा प्रसंग गाळायला सांगितले. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "गाळायचंच असेल तर माझं नावही गाळा." लेख मी पुरा दिला आहे. छापायचा की नाही, हे मंडळाने ठरवावे.

सर, तुम्हाला पंचाहत्तर वर्षे झाली. अजून तुम्ही दोन तास उभे राहून शिकवता. पाय असेच भक्कम राहोत, आवाज खणखणीत राहो, आणि हे पुष्कळ वर्षे चालो. डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात, त्यांचे ऐका. बाकी कोणाचे ऐकू नका.