शाबासकी काढून टाकलेला गेम

आत्याला फुकटची शाबासकी सहन होत नसे. शनिवार पेठेतल्या एका शाळेत तिने जन्मभर गणित शिकवलं, पण कुणाच्या वहीत तिने कधी 'छान' लिहिलं नाही. बरोबर उत्तराला खूण, चुकलेल्याला फुली. माझ्या बायकोने, मीनलने, तिला पहिल्यांदा पुरणपोळी करून वाढली तेव्हा आत्या म्हणाली, "गोल आहे." मीनल आठवडाभर त्याचा अर्थ लावत होती.

आमची शर्वरी सात वर्षांची झाली तेव्हा मी तिला हातात धरून खेळायचा, लहान मुलांचा शैक्षणिक गेम आणला. छोटा पडदा, चार बटणं आणि आतून गोड आवाजात बेरजा विचारणारी एक बाई. रविवारी वारज्याहून आम्ही आत्याकडे गेलो. शर्वरीने सात अधिक सहा बारा केले. आतली बाई म्हणाली, "वा, किती छान प्रयत्न," आणि पडद्यावर चांदण्या पडल्या.

आत्याने गेम हातात घेतला, उलटा केला, मागचे स्क्रू बघितले. "हिला बाहेर काढता येतं का?"

मी आयटीत असल्यामुळे अशा वेळी सगळे माझ्याकडे बघतात. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये देतो तेच उत्तर दिलं, "बघावं लागेल."

"तू बघत बस. मी करते."

पुढच्या रविवारी गेम मेलेला होता. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून आत्याने तो उघडला आणि पडद्याची वायर तोडली. "वायर आधी सोडवायची असते, मी ओढली. दुसरा आण," एवढंच ती म्हणाली. मी आणला. या वेळी आतलं मेमरी कार्ड निघालं आणि त्या जागी एम्युलेटर, म्हणजे जुने व्हिडिओ गेम चालवणारं सॉफ्टवेअर, घातलेलं नवं कार्ड बसलं. माझ्या लहानपणी तिच्या टीव्हीला जोडून मी हेच गेम खेळायचो आणि ती मागे बसून पेपर तपासायची. तपासताना ती टीव्हीही बघत होती, हे मला आत्ता कळलं.

"हे बरं असतं," तिने मीनलला सांगितलं. "खड्ड्यात पडलं की मरतं. कुणी कौतुक करत नाही."

"अहो आत्या, आत्मविश्वास जातो अशाने मुलांचा. आमच्या पालकसभेत सांगितलंय, 'नाही' म्हणायचंच नाही. 'आपण वेगळा पर्याय शोधू' म्हणायचं."

"ते खड्ड्याला सांग."

शर्वरी पहिल्या रविवारी रडली, दुसऱ्या रविवारी चिडली, आणि नंतर आत्याआजीच्या शेजारून उठेनाशी झाली. "कशाने मेलीस?" आत्या विचारायची. शर्वरी विचार करून कारण सांगायची. शाळेच्या अभ्यासात तिने इतका विचार केलेला मी पाहिला नव्हता.

पुढे आत्याचे गुडघे जिना चढू देईनात. आम्ही वारज्याला बोलावलं, तर म्हणाली, "तुमच्याकडे सगळे फार कौतुक करतात. मला थकायला होतं." तिने स्वतःच लोणी काळभोरजवळचा एक वृद्धाश्रम निवडला. शर्वरीने गेम स्वतःहून तिच्या पिशवीत घातला. थोड्याच दिवसांत आत्याने फोनवर बजावलं, "दुपारचे येऊ नका. इथे गेमला रांग असते."

त्या हिवाळ्यात आत्या गेली. शर्वरी रडली नाही. पालकसभेत शिकलेलं सगळं मीनलने बोलून पाहिलं, तरी रडली नाही.

सामान आणायला आम्ही आश्रमात गेलो तेव्हा हॉलमध्ये एक आजोबा गेम खेळत होते. हे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत, तेव्हा मधे बोलायचं नाही, असं व्यवस्थापिका बाईंनी आम्हाला हळूच सांगितलं. आम्ही उभे राहिलो. शर्वरी मात्र जाऊन त्यांच्या शेजारी बसली.

"तुझी आजी इथपर्यंत आली होती," आजोबा पडदा दाखवत म्हणाले. "या किल्ल्यापुढे कुणी गेलेलं नाही."

शर्वरी पडद्याकडे बघत राहिली आणि मग एकदम रडायला लागली. मीनल पुढे झाली, पण आजोबांनी हातानेच तिला थांबवलं. त्यांनी शर्वरीची समजूत काढली नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. फक्त खेळ थांबवून ठेवला आणि तिचं रडून होईपर्यंत तसेच बसून राहिले.

मग गेम तिच्या हातात देत म्हणाले, "हं. किल्ल्यापासून."